पटसंख्या

अर्जावर सोळा रकाने होते.
अकरा भरले आणि पेन थांबलं.
नववी-दहावी मिळून आमचे मुलगे एकोणीस,
पाच जण दुपारी मागावर बसतात,
दोघांच्या आया नको म्हणाल्या,
आणि श्रीशैल हिरेमठला जाड भिंगाचा चष्मा.

मी चित्रकलेचा मास्तर.
शिट्टी माझ्या गळ्यात आली, कारण
दुसरे सर गणिताचे, त्यांना दमा.

समोरच्यांची बस
पार्क मैदानाच्या गेटात वळताना दोनदा मागं आली.
पोरं उतरली, उतरतच राहिली.
राखीव खेळाडूंचाच एक संघ झाला असता,
वर त्या संघालाही राखीव.
त्यांच्या आठवीच्या तुकड्या 'ह'पर्यंत जातात.
आमच्याकडे 'अ'सुद्धा लिहीत नाहीत,
नुसतं आठवी.

अंबादास कोडमच्या काकांनी रंगखात्यात
सुताच्या उरलेल्या निळ्यात
अकरा बनियन बुडवून दिले होते.
पाठीवरचे आकडे मी ब्रशनं काढले,
सातला जरा जास्तच वळण दिलं, हौस म्हणून.
पंधराव्या मिनिटाला पोरांना निळा घाम फुटला.
पंच म्हणाले, सर, हे काय?
म्हटलं, धुतलं की जातं.

पण खरी गोष्ट भिंतीची.

आमची पोरं खेळतात कारखान्यामागच्या बोळात.
हात पसरले तर दोघांत बोळ संपतो.
कुणी आडवा आला की चेंडू भिंतीवर हाणायचा,
भिंत तो पुढं काढून देते,
चुकत नाही, दमत नाही, रुसत नाही,
आत माग चालू असले तर
थोडी थरथरून देते, एवढंच.

मैदानावर दोघं अंगावर आले तेव्हा
अंबादासनं सवयीनं डावीकडे मारला,
पुऱ्या भरवशानं,
आणि पळाला पुढं, परतीचा घ्यायला.
चेंडू गेला, गेलाच,
रेषेबाहेर, भेळेच्या गाडीखाली.
हा तिकडे उभा. पाय उचललेला.
"काय करलालास बे!" रघुराम गोलमधून ओरडला.
पायऱ्यांवर त्यांच्या शाळेचे दोन वर्ग हसले.
वाईट नव्हतं ते हसणं.
माझा विद्यार्थी नसता तर मीही हसलो असतो.

मध्यंतराला चार-शून्य.
डावपेच मला येत नाहीत.
निसर्गचित्राच्या तासाला सांगतो तेच सांगितलं,
कागद मोठा मिळाला म्हणून
घर मोठं काढायचं नसतं.
आणि तन्वीर बागवानला म्हटलं,
तू पळू नकोस. तू भिंत हो.
"थरथरू पण का, सर?"
बाटलीतलं पाणी नाकातून येईस्तोवर पोरं हसली.

शेवट सहा-एक.
त्यातला एक आमचा.
डावीकडे मारलेला चेंडू तन्वीरच्या नडगीला लागून
बरोबर पुढं आला,
आणि अंबादास तिथं होता,
पाय उचललेला.

त्यांचे कोच आमच्याकडे आले. सज्जन माणूस.
म्हणाले, खेळले पोरं.
मग आवाज खाली आणून,
तो सात नंबर कुणाचा?

जूनमध्ये दाखला मीच लिहिला,
अक्षर बरं म्हणून हे कामही माझंच.
फी माफ, बूट त्यांचे, रोज दोन अंडी.
शाळा सोडण्याचे कारण : पालकांची विनंती.
त्याची आई विड्या वळतच बोलत होती,
सर, तुम्हाला राग नाही ना आला?
राग कसला.
सहीखाली शाई जरा पसरली,
टीपकागद नव्हता.

आता नवा अर्ज. रकाने सोळाच.
दहा भरलेत.
श्रीशैल दारात येऊन उभा आहे मघापासून,
मान हलवून हलवून दाखवतोय,
आईनं चष्म्याला
मागून नाडी शिवून दिलीय.